कागदाची घडी आणि ‘कशावरून?’

तिसरी-चौथीतल्या मुलासमोर एक चौरस कागद सरळ ठेवा आणि विचारा, ‘‘बेटा, हा कोणता आकार?’’ उत्तर लगेच येते, ‘‘चौरस.’’ आता तोच कागद थोडा फिरवून एका कोपऱ्यावर उभा धरा आणि पुन्हा विचारा. पुष्कळ मुले थबकतात. कोणी ‘पतंग’ म्हणते, कोणी ‘शंकरपाळी’. कागद तोच आहे, बाजू आणि कोपरे तेच आहेत, तरी मुलाच्या लेखी तो आता चौरस उरलेला नाही.

मुलाला रागावण्यासारखे यात काही नाही. पुस्तकात, फळ्यावर आणि तक्त्यावर चौरस नेहमी सरळ बसलेलाच दिसतो, म्हणून मुलाने त्याचा चेहरा लक्षात ठेवलेला असतो. चौरसाच्या चारही बाजू सारख्या आणि चारही कोन काटकोन असतात, हा त्याचा गुण मुलाच्या हाती अजून लागलेला नसतो. नेदरलँड्समधील पिअर आणि दिना व्हॅन हील या शिक्षक दांपत्याने १९५७ साली आपल्या प्रबंधांत हेच मांडले. मूल आधी आकार नजरेने ओळखते, मग त्याचे गुण ओळखते आणि त्यानंतर त्या गुणांचे एकमेकांशी असलेले नाते समजून घेते. ही पायरी वयाबरोबर आपोआप चढली जात नाही. त्यासाठी मुलाला तसे अनुभव मिळावे लागतात.

हे अनुभव मिळाले नाहीत, तर चौथीपर्यंत फारसे बिघडत नाही. आकाराला नाव दिले की गुण मिळतात. पुढे मात्र पुस्तक ‘कारण द्या’ आणि ‘सिद्ध करा’ असे म्हणू लागते, तेव्हा केवळ चेहरे ओळखणारे मूल पाठांतराला लागते. पाठांतर थकले की ते म्हणते, ‘‘मला गणित येत नाही.’’ आपणही त्याच्यासमोर सहज बोलून जातो, ‘‘आमच्या घराण्यात गणित कोणाला आलेच नाही.’’ मुलगी असेल तर आणखी एक वाक्य जोडले जाते, ‘‘तिला कुठे इंजिनियर व्हायचे आहे?’’ दहा-अकरा वर्षांचे मूल अशा वाक्यांवरून स्वतःबद्दलचा निर्णय करून टाकते आणि तो निर्णय पुढे बदलणे फार अवघड जाते.

या वयातच मुलाच्या हाती एक साधी गोष्ट देता येते, ती म्हणजे कागद. तो घरात फुकट पडलेला असतो. त्याची घडी घालायला अम्मी किती शिकली आहे याला महत्त्व नाही. आणि घातलेली घडी मुलाला एक फार मोठा प्रश्न विचारायला शिकवते : ‘कशावरून?’

कागद आणि आपण

‘कागद’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. कागद बनवण्याची विद्या मूळची चीनची. आठव्या शतकात ती समरकंदला पोहोचली आणि त्याच शतकाच्या अखेरीस बगदादमध्ये कागद बनू लागला. कातड्यापेक्षा स्वस्त असलेल्या या वस्तूमुळे पुस्तके वाढली, ग्रंथालये उभी राहिली आणि पुढे ही कला स्पेनमार्गे युरोपात गेली.

आपल्या महाराष्ट्रातही तिची खूण आहे. दौलताबादहून खुलताबादला जाताना कागजीपुरा नावाचे गाव लागते. हाताने कागद बनवणाऱ्या मुस्लिम कागजी घराण्यांवरून गावाला हे नाव पडले. मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली, तेव्हापासूनची ही कला असल्याचे परंपरा सांगते. पुण्याच्या कसबा पेठेतही कागदीपुरा आहे. मुलांना सुट्टीत वेरूळ-दौलताबाद दाखवायला नेणाऱ्यांनी कागजीपुऱ्याला अर्धा तास जरूर थांबावे. वहीचे पान कुठून आले, हे मुलाला कळले की ते फाडताना हात जरा जपून चालतो.

भूमितीला अरबीत ‘हंदसा’ म्हणतात. हा शब्द फारसीतील ‘अंदाजा’ म्हणजे माप या शब्दापासून झाला असे भाषातज्ज्ञ सांगतात. आपण मराठीत रोज वापरतो तो ‘अंदाज’ याच कुळातला. मूळ एक असले तरी दोन्ही शब्दांचे अर्थ आज दूर गेले आहेत. अंदाज म्हणजे नजरेने बांधलेला तर्क, आणि हंदसा म्हणजे पुराव्याने पटवलेले माप. मुलाला पहिल्याकडून दुसऱ्याकडे न्यायचे, एवढेच आपले काम आहे.

बगदादची एक बैठक

हा फरक हजार वर्षांपूर्वी एका मोठ्या गणितज्ञाने फार सुंदर दाखवला होता. अबुल वफा बूझजानी यांचा जन्म इ. स. ९४० मध्ये खुरासानातील बूझजान गावी झाला. आयुष्य बगदादमध्ये गेले आणि ९९८ मध्ये ते वारले. चंद्रावरील एका विवराला त्यांचे नाव दिलेले आहे. त्यांनी एक ग्रंथ खास कारागिरांसाठी लिहिला. लाकूड, दगड आणि फरशी कापणाऱ्यांना भूमितीतले काय काय लागते, ते त्यात आहे.

त्यात ते एका बैठकीची हकीकत सांगतात. एका बाजूला कारागीर होते आणि दुसऱ्या बाजूला भूमितीचे जाणकार. प्रश्न असा : सारख्या मापाचे तीन चौरस आहेत, ते कापून आणि जोडून एकच मोठा चौरस कसा करायचा? जाणकारांना कागदावर उत्तर काढता येत होते, पण फरशी नेमकी कुठे कापायची हे ते सांगू शकत नव्हते. कारागिरांकडे कापण्याच्या अनेक रीती होत्या, पण त्यांतल्या काही चुकीच्या होत्या. त्या डोळ्यांना बरोबर वाटत, मात्र तपासल्यावर चौरस खरा ठरत नसे. अबुल वफांनी कोणाचीही थट्टा केली नाही. कापताही येईल आणि सिद्धही करता येईल, अशी रीत त्यांनी दोघांच्या हाती दिली. ती रीत पुढे दिली आहे आणि ती साध्या कागदाने करून पाहता येते.

कागदाच्या घडीतून भूमिती शिकवण्याचा विचार भारतातही जुना आहे. मद्रासचे टी. सुंदर राव यांनी १८९३ साली याच विषयावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. जर्मनीचे थोर गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतली आणि पुढे ते अमेरिकेतही छापले गेले. फ्रोबेल यांच्या बालवाडीत लहान मुले कागदाच्या घड्या घालत, त्यावरून आपल्याला ही कल्पना सुचली असे राव यांनी नमूद केले आहे. आपल्या काळात पुण्याच्या आयुका संस्थेच्या बालविज्ञान केंद्रात अनेक वर्षे काम केलेले अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञान आणि गणित शिकवण्याची वाट हजारो शिक्षकांना दाखवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आधी थोडी तयारी

एका बाजूने वापरलेले ए-फोर कागद, जुन्या वह्यांची कोरी पाने किंवा भेटवस्तूचे वेष्टन, काहीही चालेल. वर्तमानपत्राचा कागद मऊ असल्याने घडी नीट बसत नाही, पण सरावाला तो पुरतो. घनासारख्या उभ्या वस्तूसाठी जाड कागद हवा. घरोघरी साठलेले शादीचे रुक्के त्याला उत्तम. मात्र रुक्क्यावर बिस्मिल्लाह छापलेली असते, कॅलेंडरवर आयती किंवा काबागृहाचे चित्र असते आणि उर्दू वर्तमानपत्रातही अल्लाहचे नाव येते. असे भाग आधी काढून अदबीने वेगळे ठेवावेत. हे काम मुलांकडूनच करवून घ्यावे, म्हणजे अदबही शिकवली जाते.

टेबल किंवा फरशीवर बसावे, मांडीवर घडी सरळ येत नाही. कडा जुळवल्यावर एका हाताने कागद दाबून धरायचा आणि दुसऱ्या हाताच्या नखाने घडी पक्की करायची. पट्टी, पेन्सिल आणि कंपासपेटी सुरुवातीला दूरच ठेवावी.

पहिली घडी : काटकोन

कागदाचा एक वेडावाकडा तुकडा घ्या, चारही बाजूंनी फाडलेला. त्याची कशीही एक घडी घाला. एक सरळ रेषा मिळाली. आता ती रेषा स्वतःवरच बसेल अशी दुसरी घडी घाला. जो कोपरा तयार झाला तो काटकोन.

कशावरून? कागद उघडा. दोन घड्या एकमेकींना छेदतात आणि त्या बिंदूभोवती चार कोन दिसतात. घडी मिटलेली असताना ते चारही एकमेकांवर तंतोतंत बसले होते, म्हणून चारही सारखे. पूर्ण फेरीचे चार सारखे वाटे केले की प्रत्येक वाटा काटकोन होतो. एवढे मुलाने स्वतःच्या तोंडाने सांगितले की भूमितीतील पहिला पुरावा त्याने दिला असे समजावे.

हा कागदी कोपरा घेऊन मुलाला घरभर फिरू द्या. दरवाजा, खिडकी, फरशी, पुस्तक आणि जानमाज यांचे कोपरे ते तपासून पाहील. जुन्या घरांत एखादी भिंत काटकोनात नसते, तेव्हा मुलाला मोठा शोध लागल्यासारखे वाटते. खरोखर तो शोधच असतो.

चौरस आणि त्याचा निम्मा

आयताकृती कागदाचा वरचा कोपरा समोरच्या लांब कडेवर आणून बसवला की तिरकी घडी पडते. उरलेली पट्टी कापली की चौरस मिळतो. हे बहुतेक मुलांना येते. पण तो चौरस कशावरून? तिरक्या घडीवर दोन कडा एकमेकींवर बसल्या, म्हणून त्या सारख्या. उरलेल्या दोन कडा त्यांच्या समोरच्या. मुलाला हे शब्दांत सांगता आले नाही, तर घड्या घालून दाखवू द्या. तेही उत्तरच आहे.

आता त्या चौरसाचे चारही कोपरे मध्यबिंदूवर आणा. पाकिटासारखा लहान चौरस तयार होतो. विचारा, ‘‘हा मोठ्या चौरसाच्या किती पट?’’ बरीच मुले ‘पाव’ म्हणतात, कारण तो खूपच लहान दिसतो. लगेच दुरुस्त करू नका. मुलाला चारही पाकळ्या उघडून-मिटून पाहू द्या. चार पाकळ्या मिळून आतला चौरस बरोबर झाकला जातो, कुठे फट राहत नाही आणि कुठे एकावर एक चढत नाहीत. म्हणजे पाकळ्यांचा कागद आणि आतला कागद सारखाच. लहान चौरस मोठ्याचा निम्मा आहे. इथे नजरेचा अंदाज चुकला आणि घडीने खरे सांगितले. हा क्षण मुले विसरत नाहीत.

तीन कोपरे एका रेषेत

कोणताही त्रिकोण कापून घ्या. सर्वांत लांब बाजू खाली ठेवा. खालची कड स्वतःवर बसेल आणि घडी वरच्या टोकातून जाईल, अशी उभी घडी घालून उघडा. ही घडी खालच्या बाजूला जिथे भेटते तिथे ठिपका द्या. आता वरचे टोक त्या ठिपक्यावर आणा आणि मग डावे-उजवे कोपरेही त्याच ठिपक्यावर आणा. तीनही कोपरे शेजारी शेजारी बसून एक सरळ रेषा भरून काढतात. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश असते, हे वाक्य पुढे पुस्तकात येईल तेव्हा मुलाला ते आपले जुने ओळखीचे वाटेल.

घरात चार मुले असतील, तर प्रत्येकाने वेगळा त्रिकोण कापावा, कोणी उंच तर कोणी पसरट. सगळ्यांचे कोपरे रेषेतच बसतात. ‘‘माझाही बसला!’’ असे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसते, त्यालाच गणिताची गोडी म्हणतात.

कंपासशिवाय समभुज त्रिकोणही करता येतो. आयताकृती कागद उभा धरून मधोमध उभी घडी घाला आणि उघडा. आता खालचा उजवा कोपरा उचलून मधल्या घडीवर आणायचा, पण अशा रीतीने की नवी घडी खालच्या डाव्या कोपऱ्यातूनच जाईल. कोपरा मधल्या घडीला जिथे टेकला तिथे ठिपका द्या. तो ठिपका खालच्या दोन्ही कोपऱ्यांना जोडला की त्रिकोण तयार. तिन्ही बाजू सारख्या कशावरून? डावी बाजू म्हणजे उचलून आणलेली खालचीच कड, आणि उजवी बाजू म्हणजे मधल्या घडीवर पडलेले डावीचे प्रतिबिंब. हा पाठ चौथी-पाचवीसाठी ठेवावा. असे सहा त्रिकोण एका बिंदूभोवती लावले की षटकोन होतो.

उघडण्याआधी सांग

कागद एकदा आडवा आणि एकदा उभा दुमडा. ज्या कोपऱ्यात सगळ्या घड्या एकत्र येतात, तो कोपरा कात्रीने एकदाच सरळ कापा. ‘‘उघडल्यावर भोक कोणत्या आकाराचे दिसेल?’’ उत्तर आल्याशिवाय कागद उघडायचा नाही, हाच खेळाचा एकमेव नियम.

कापलेला तुकडा त्रिकोणी असल्यामुळे काही मुले ‘त्रिकोण’ म्हणतात. उघडल्यावर चार बाजूंचे भोक निघते. एकदाच कापले, तर चार बाजू कुठून आल्या? कारण कागद चारपदरी होता. दोन्ही घड्यांवर सारखे अंतर घेऊन कापले की चौरस मिळतो आणि कमी-जास्त घेतले की शंकरपाळीचा आकार, म्हणजे समभुज चौकोन. शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीत आरशातील प्रतिमांचे प्रश्न येतात. गाईडमधील शंभर प्रश्न सोडवण्याआधी हा खेळ आठवडाभर खेळावा.

आठ टोकांचा तारा

मदीनेत छापलेल्या मुसहफात हिज्बच्या चौथ्या भागाची खूण म्हणून आठ टोकांचा तारा असतो. नाजिरा वाचणाऱ्या मुलांनी तो पाहिलेला असतो. दोन सारखे चौरस एकमेकांवर फिरवून ठेवले की तोच तारा होतो.

दोन रंगांचे सारखे चौरस घ्या. प्रत्येकावर आडवी, उभी आणि दोन तिरक्या अशा चार घड्या घालून उघडा. आता एक चौरस दुसऱ्यावर असा ठेवा, की वरच्याच्या तिरक्या घड्या खालच्याच्या आडव्या-उभ्या घड्यांवर बसतील. मधोमध थोडा डिंक लावा. तारा तयार झाला. दोन्ही चौरसांत सामायिक असलेला मधला भाग अष्टकोन आहे. टोके मोजायला सांगा, मग विचारा, ‘‘आठही टोके सारखी कशावरून?’’

औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यात कबरीभोवती संगमरवरी जाळीचे कुंपण आहे, ते अष्टकोनीच आहे. पुढच्या वेळी तिथे गेलात तर मुलाला कोपरे मोजू द्या. ज्या हातांनी कागदाचा अष्टकोन केला आहे, त्या मुलाचे डोळे त्या जाळीकडे वेगळ्या रीतीने पाहतात.

तीन चौरसांचा एक चौरस

आता अबुल वफांची रीत. हा पाठ पाचवीच्या पुढे आणि मोठ्यांच्या सोबतीने करावा.

सारखे तीन चौरस कापा. एक मधे ठेवा. उरलेले दोन तिरक्या रेषेवर कापा, म्हणजे चार त्रिकोण मिळतील. प्रत्येक त्रिकोणाची लांब बाजू मधल्या चौरसाच्या एकेका बाजूला टेकवायची. त्रिकोणाचे एक निमुळते टोक चौरसाच्या कोपऱ्याशी जुळले पाहिजे आणि दुसरे टोक पुढे बाहेर गेले पाहिजे. चारही त्रिकोण एकाच दिशेने पुढे सरकलेले हवेत. भिंगरीसारखी आकृती दिसू लागेल.

आता चारही त्रिकोणांचे काटकोनी कोपरे ओळीने पट्टीने जोडा. रेषेबाहेर चार लहान तुकडे राहतात आणि रेषेच्या आत चार फटी राहतात. तुकडे कापून फटींत बसवा, ते नेमके बसतात. तीन चौरसांचा एक मोठा चौरस झाला, कागदाचा कणही वाया गेला नाही. बगदादच्या कारागिरांनी हजार वर्षांपूर्वी जे केले, ते आपल्या मुलाने जेवणाच्या दस्तरखानाशेजारी बसून केले, ही गोष्ट त्याला जरूर सांगा.

दोन भाषांचा फायदा

आपल्या अनेक घरांत बोली दखनी किंवा कोकणी, दीनी शिक्षण उर्दूत आणि शाळा मराठीत असते. कधी मूल चौथीनंतर उर्दू शाळेतून मराठी शाळेत जाते आणि नवे शब्द ऐकून गोंधळते. इथेही कागद मदतीला येतो. वस्तू हातात असली की तिला दोन नावे असणे जड जात नाही.

त्रिकोण म्हणजे मुसल्लस, चौरस म्हणजे मुरब्बा, षटकोन म्हणजे मुसद्दस, कोन म्हणजे जाविया आणि वर्तुळ म्हणजे दायरा. मुसल्लसमध्ये सलासा म्हणजे तीन दडलेला आहे, आणि मुरब्ब्यामध्ये अरबा म्हणजे चार. अरबी आकडे शिकलेले मूल हे स्वतः शोधून काढते. मुरब्बा हा शब्द ऐकून खाण्याचा मुरब्बा आठवतो आणि मुले हसतात. हसू द्यावे, तो शब्द पक्का बसला. मराठीतही त्रि, षट् आणि अष्ट यांत आकडेच आहेत. दादाजींना उर्दू शब्द माहीत असतात आणि नातवाला मराठी. दोघांनी मिळून एक कोष्टक बनवले, तर संध्याकाळ छान जाईल.

अम्मीला गणित येते

‘‘मी सातवीपर्यंतच शिकले, मी काय शिकवणार?’’ असे म्हणणाऱ्या अम्मीने आपले शिवणकाम आठवावे. गोल घेराचा फ्रॉक बेतताना ती कापड चारपदरी दुमडते, घड्या जिथे मिळतात त्या कोपऱ्यापासून टेपने सारखे अंतर घेत खुणा करते आणि कात्री चालवते. उघडले की पूर्ण वर्तुळ. कमरेसाठी मधले भोक काढताना ती कमरेच्या मापाचा साधारण सहावा भाग घेते. वर्तुळाचा परीघ त्रिज्येच्या सहा पटींहून थोडा जास्त असतो, हेच गणित तिचे हात रोज करत असतात. मुलाला तो चारपदरी कपडा दाखवावा आणि ‘उघडण्याआधी सांग’ हा खेळ कपड्यावरही खेळावा. आपल्या अम्मीला गणित येते, हे पाहिलेली मुलगी ‘मला गणित येत नाही’ असे सहजासहजी म्हणणार नाही.

मोठ्यांनी जपायच्या गोष्टी

मुलाच्या हातातून कागद काढून घेऊ नये. ‘‘आण इकडे, मी नीट करून देते’’ या वाक्याने काम सुबक होते आणि शिकणे थांबते. शाळेच्या प्रोजेक्टचे तेच झाले आहे. स्टेशनरीच्या दुकानात तयार तारे आणि तयार घन मिळतात. आईबाप रात्री ते चिकटवतात आणि मूल झोपलेले असते. अशा घनाला गुण मिळाले तरी मुलाला काही मिळत नाही. घडी वाकडी आली तर कोपरे जुळत नाहीत, ही गोष्ट कागदच मुलाला सांगतो. आपण फक्त दुसरा कागद द्यावा.

एका वेळी एकच कृती पुरे. वीस मिनिटांनंतर बोटे कंटाळतात. उत्तर चुकले की ‘चूक’ म्हणण्याऐवजी ‘उघडून बघ’ म्हणावे. भावंडांत सुबकतेची स्पर्धा लावू नये. लहान भावाचा तारा वाकडा असला तरी त्याचे कारण सरळ असू शकते.

वर्गात चाळीस मुले असली तरी हे जमते. एका कागदाचे चार चौरस पुरतात. मुलांच्या जोड्या कराव्यात. एकाने घडी घालावी आणि दुसऱ्याने ‘कशावरून?’ विचारावे, मग अदलाबदल करावी. शिक्षकांनी वर्तमानपत्राचे मोठे पान घेऊन समोर तीच घडी दाखवावी, म्हणजे मागच्या बाकापर्यंत दिसते. मोहल्ल्याच्या मक्तबमध्ये जुमेराच्या शेवटच्या तासालाही असा उपक्रम घेता येईल.

प्रश्न विचारणारे मूल

कुरआनात माणसाला पुन्हा पुन्हा विचार करायला सांगितले आहे, दावा करणाऱ्याकडे दलील मागितली आहे. सूरह हुजुरातमध्ये आलेल्या बातमीची खातरजमा करण्याची ताकीद आहे. मोबाइलवर दिवसाला पन्नास संदेश येतात आणि आपण त्यांतले किती तपासून पुढे पाठवतो, हे प्रत्येकाने स्वतःलाच विचारावे. डोळ्यांना बरोबर वाटते म्हणून खरे, ही सवय भूमितीत चौरस बिघडवते आणि व्यवहारात माणसांची मने बिघडवते.

तपासून पाहण्याची सवय मोठेपणी लावणे कठीण जाते. आठव्या-नवव्या वर्षी ती खेळता खेळता लागते. हा मजकूर वाचून झाल्यावर कागदाचा एक वेडावाकडा तुकडा मुलाला द्या आणि त्यातून काटकोन काढायला सांगा. तो कोपरा त्याच्या दप्तरात राहू द्या. उद्या-परवा ते तुमच्याच एखाद्या वाक्यावर विचारेल, ‘‘अब्बू, कशावरून?’’ तेव्हा रागावू नका. त्याला शेजारी बसवा आणि त्याच्यासोबत तपासून पाहा.